विकली गाडी, उरले नाव

वसंतातील या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हणजे राजे, लढाया आणि तह यांवर बोलायचे, अशी आपल्याकडे समजूत आहे. आम्ही मात्र आज एका कागदाच्या इतिहासावर बोलणार आहोत. हा कागद म्हणजे मोटारगाडी विकताना करावयाच्या मालकीबदलाचा अर्ज. विषय ऐकून कोणी हसेल. पण आमचा जन्म टेम्पोवाले, रिक्षावाले आणि ट्रकवरचे चालक यांच्या संघटनेत गेला. आम्ही शाळा नववीत सोडली. कायदा जो काही शिकलो तो परिवहन कचेरीच्या व्हरांड्यात, दुसऱ्यांचे अर्ज लिहिता लिहिता शिकलो. त्या व्हरांड्यात आम्ही एवढे नक्की पाहिले की, लढाईत जेवढी घरे बसत नसतील तेवढी एका न भरलेल्या कागदापायी बसतात. म्हणून या कागदाचा इतिहास आम्हांला क्षुल्लक वाटत नाही.

प्रथम मोटारीच्या आधीचा काळ ध्यानात घेऊ. आपल्याकडचा बैलबाजार ज्याने पाहिला आहे त्याला तो व्यवहार ठाऊक आहे. उपरण्याखाली हात जातात, बोटांची भाषा होते, भाव ठरतो, इसार दिला जातो आणि कासरा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. कासरा गेला की मालकी गेली. बाजाराची पावती फाडली जाई, पण खरी साक्ष कासऱ्याचीच. पुढे तो बैल कोणाच्या शेतात शिरला, तर १८७१ च्या गुरांच्या कोंडवाड्याच्या कायद्याखाली त्याला कोंडवाड्यात घालीत आणि जो सोडवायला येई तो दंड भरी. बैल कोणाचा, हे विचारायला कोणी तीन वर्षांपूर्वीच्या विकणाऱ्याच्या दारी जात नसे. बैलाच्या शिंगावर सरकारी नंबर नव्हता.

मोटारीने हा सारा व्यवहार उलटा केला. बैल चालतो तो माणसाच्या चालीने. मोटार धडक देते आणि क्षणात दिसेनाशी होते. रस्त्यावर पडलेल्या माणसाला चालकाचा चेहरा दिसत नाही, नाव ठाऊक नसते, गाव ठाऊक नसते. म्हणून मोटारीचा जन्म झाला आणि पाठोपाठ नंबराच्या पाटीचाही जन्म झाला. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली गाडीवर मालकाचे नाव, पत्ता आणि क्रमांक लावण्याचा हुकूम काढला. इंग्लंडात १९०३ चा मोटार कायदा झाला आणि १९०४ च्या पहिल्या दिवसापासून तेथे प्रत्येक मोटारीची नोंदणी आणि पाटी सक्तीची झाली. आपल्या देशात १९१४ साली हिंदी मोटार वाहन कायदा आला. पाटी ही पोलिसांच्या सोयीसाठी आली असे आपण समजतो. पण तिचे मूळ पाहिले तर ती रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या हातात दिलेली दोरी आहे. त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी जबाबदार माणूस बांधलेला असला पाहिजे, ही तिच्या मागची कल्पना.

येथूनच एक पेच सुरू होतो, आणि आमच्या आजच्या विषयाचे सारे दुःख त्या पेचात आहे. मोटार ही जंगम मालमत्ता आहे. जंगम माल विकण्याचा आपला कायदा १९३० सालचा. त्याच्या दृष्टीने मोटार आणि बैल यांत फरक नाही. दोघांचे ठरले, किंमत ठरली, माल हाती दिला, की मालकी गेली. त्यासाठी कचेरीत जावे लागत नाही. उलट नोंदणीचा कायदा म्हणतो की आमच्या वहीत ज्याचे नाव आहे तो मालक. म्हणजे एकाच गाडीला एकाच वेळी दोन मालक असू शकतात, एक व्यवहारातला आणि एक वहीतला. शेतकरी बांधवांना ही गोष्ट समजायला अवघड नाही. खरेदीखत होणे निराळे आणि फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव लागणे निराळे, हे ते जाणतात. खरेदीखत झाले आणि फेरफार राहिला तर काय काय भोगावे लागते तेही जाणतात. गाडीचा मालकीबदल म्हणजे गाडीचा फेरफारच होय. फरक एवढाच की जमीन जागची हलत नाही आणि कोणाच्या अंगावर जात नाही.

१९३९ साली आपल्याकडे दुसरा आणि मोठा मोटार वाहन कायदा झाला. मालकीबदलाची खबर कचेरीला देण्याचे बंधन त्याच्या ३१ व्या कलमात होते. याच कायद्यात तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ती होती. इंग्लंडात ती १९३० साली आली होती. आपल्याकडे कायद्याचे ते प्रकरण लगेच लागू झाले नाही, ते १९४६ सालापासून अमलात आले. म्हणजे सात वर्षे गाड्या धावत होत्या, अपघात होत होते आणि भरपाई मिळण्याची हमी नव्हती. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे आली. तोवर मेलेल्या माणसाच्या विधवेला साध्या दिवाणी दाव्याची वाट धरावी लागे. ती वाट किती लांब असते हे सांगण्याची गरज नाही.

आता कायदा झाला, कलम झाले, मग लोक मालकीबदल करीत का नव्हते? लोक अडाणी म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे. आम्हांला ते मान्य नाही. त्याचे एक कारण टंचाईत होते. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे मोटारी आणि स्कूटरी यांचा तुटवडा होता. मोटारींसाठी १९५९ चा आणि स्कूटरींसाठी १९६० चा वाटप व विक्री नियंत्रण हुकूम होता. नवी गाडी हवी तर नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे थांबायचे. ज्याचा नंबर लागे त्याची गाडी कारखान्यातून बाहेर पडताच भाव खाई. जेथे उघड विकायला आडकाठी आणि विकून फायदा मोठा, तेथे माणूस मधली वाट शोधतो. ती वाट म्हणजे मुखत्यारपत्र. गाडी दुसऱ्याच्या दारात, पैसे आपल्या खिशात आणि वहीत नाव मात्र आपलेच. टंचाई पुढे संपली, पण ही सवय संपली नाही. ती वडिलांकडून मुलाकडे आली.

दुसरे कारण कचेरीची वाट हे होय. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. साहेब नाहीत, उद्या या. शिक्का नाही, परवा या. अशा तीन फेऱ्या झाल्या की तो एजंटाच्या हाती सारे सोपवतो. एजंट सांगतो, या दोन फॉर्मांवर सह्या करा, बाकी मी पाहून घेतो. फॉर्म कोरे असतात. गिऱ्हाइकाचे नाव नाही, तारीख नाही. अशा कोऱ्या सहीवर गाडी एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते. मधल्या कोणालाच आपले नाव वहीत नको असते, कारण नाव लागले की शुल्क आले आणि पुढच्या विक्रीत एक हात वाढला. शेवटी जो घेतो त्याला वाटले तर तो फॉर्म भरतो, न वाटले तर तसेच ठेवतो. सही करणारा मात्र समजत असतो की आपण सुटलो.

१९८८ साली तिसरा कायदा झाला आणि १ जुलै १९८९ पासून तो लागू झाला. आज जो चालू आहे तो हाच. यातील ५० वे कलम मालकीबदलाचे. विकणाऱ्याने १४ दिवसांत कचेरीला खबर द्यायची. गाडी परराज्यात जात असेल तर ४५ दिवसांत, ना-हरकत दाखल्यासह. घेणाऱ्याने ३० दिवसांत आपले नाव लावून घ्यायचे. विकणाऱ्याची खबर म्हणजे फॉर्म २९ आणि मालकीबदलाचा अर्ज म्हणजे फॉर्म ३०. मालक मयत असेल तर वारसासाठी फॉर्म ३१, कर्जाचा बोजा उतरवायचा तर फॉर्म ३५, परराज्यासाठीच्या ना-हरकतीचा फॉर्म २८. ही आकड्यांची माळ रुक्ष वाटेल. पण या कायद्याने आणखी एक बदल केला आणि तो आकड्यांहून महत्त्वाचा आहे. त्याने मालक या शब्दाची व्याख्याच बदलली. ज्याच्या नावाने गाडी नोंदलेली आहे तो मालक, असे दुसऱ्या कलमात स्वच्छ लिहिले गेले.

या व्याख्येचा अर्थ न्यायालयांतून हळूहळू उलगडत गेला. १९९३ साली विकलेल्या एका ट्रकचा १९९४ साली अपघात झाला. वहीत नाव जुन्याच मालकाचे आणि विमाही त्याच्याच नावाने. भरपाई कोणी द्यायची याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला तो २०११ साली. वहीत नाव असलेलाच मालक ठरला, आणि विमा त्याच्या नावाने असल्याने विमा कंपनीला पैसे भरावे लागले. या निकालात विकणारा वाचला तो विम्यामुळे. २०१८ साली आलेल्या दुसऱ्या निकालात हे कवच नव्हते. तेथे २००७ साली विकलेली एक मोटार एकामागून एक अशा अनेक हातांतून गेली होती. २००९ साली अपघात झाला आणि त्यात एक जीव गेला. वहीत नाव पहिल्याच माणसाचे. उच्च न्यायालयाने त्याला मोकळे केले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालाचे सार असे की, अपघातात पोळलेल्या माणसाने गाडीच्या मागे एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे धावत सुटावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही.

आता आमच्या संघटनेतील एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हांला लाज वाटते, तरी सांगतो. आमचा एक जुना सभासद तीनचाकी टेम्पो चालवी. गुडघे गेले, क्लच दाबवेना, म्हणून त्याने २००९ साली टेम्पो विकला. घेणारा शेजारच्या तालुक्यातला. विक्रीचा कागद आम्हीच लिहिला. शंभराच्या स्टँपवर, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. त्यातील एक साक्षीदार आम्ही. त्यात आम्ही मोठ्या ऐटीत लिहिले की, आजपासून या वाहनाच्या बऱ्यावाईटाची सर्व जबाबदारी घेणाऱ्याची राहील. फॉर्मांवर कोऱ्या सह्या झाल्या आणि ते घेणाऱ्याच्या एजंटाने नेले. चहा झाला. आम्ही घरी गेलो.

तीन वर्षांनी त्या सभासदाच्या घरी न्यायाधिकरणाची नोटीस आली. टेम्पोने एका सायकलस्वाराला उडवले होते. तो बांधकामावरचा मजूर होता आणि जागीच गेला. विमा दोन वर्षांपूर्वीच संपलेला. घेणाऱ्याने टेम्पो पुढे विकलेला आणि तो स्वतः गाव सोडून गेलेला. आम्ही आमचा स्टँपपेपर घेऊन वकिलांकडे धावलो. वकिलांनी तो वाचला आणि शांतपणे सांगितले, ‘हा कागद तुमच्या दोघांमधला आहे. मेलेल्या माणसाने यावर सही केलेली नाही.’ हे वाक्य आम्ही आजतागायत विसरलेलो नाही. भरपाईचा हुकूम आमच्या सभासदावर झाला. घेणाऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क त्याला होता, पण माणूसच सापडत नसेल तर तो हक्क घेऊन काय करायचे? संघटनेने वर्गणी काढली, बाकीचे पैसे त्याने हप्त्यांनी फेडले. ते हप्ते चालू असतानाच तो वारला.

न्यायाधिकरणाच्या आवारात आम्ही त्या मजुराची बायको पाहिली. कडेवर मूल, हातात पिशवी, पिशवीत कागद. आमच्या सभासदाच्या पिशवीसारखीच ती पिशवी होती. आम्ही आयुष्यभर कामगारांच्या बाजूने बोलत आलो, आणि त्या दिवशी समोरासमोर उभे होते ते दोघेही कामगारच होते. मग कायदा चुकीचा म्हणावा काय? आम्ही पुष्कळ विचार केला आणि आमचे मत असे झाले की, कायदा चुकीचा नाही. पाटी ही पडलेल्याच्या हातातली दोरी आहे असे आम्ही आरंभी म्हटले. ती दोरी ओढल्यावर दुसऱ्या टोकाला कोणीच नाही, असे झाले तर त्या बाईने कोणाकडे जावे? दोरीच्या टोकाला आपले नाव बांधलेले आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच ती गाठ सोडवून घेतली पाहिजे. चूक होती ती आमची. आम्ही जबाबदारी शब्दांनी सोडवली, वहीत नाव तसेच ठेवले. अर्थात कचेरीची वाट गरिबाला सोपी करून देणे हे सरकारचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी आम्ही भांडत आलो आहोत, भांडत राहू. परंतु भांडण सुटेपर्यंत अपघात थांबत नाहीत.

त्या प्रसंगानंतर आमच्या कार्यालयात आम्ही एक रीत घालून दिली. ती येथे सांगतो, कारण श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या दारात विकण्याजोगी गाडी असेल. पहिली गोष्ट, गाडीवर कर्ज असेल तर आधी ते फेडावे, बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ घ्यावा आणि आर.सी. वरचा बोजा उतरवावा. बोजा असताना मालकीबदल अडतो. दुसरी, कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. घेणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख भरलेली पाहूनच सही करावी आणि भरलेल्या फॉर्मची प्रत आपल्याजवळ ठेवावी. तिसरी, गाडी ताब्यात दिल्याची पावती करावी आणि तीवर तारखेबरोबर वेळही लिहावी. सकाळी दिलेल्या गाडीवर दुपारी चलन फाटते, तेव्हा तास कामाला येतो. चौथी, फॉर्म २९ आपण स्वतः दाखल करावा, घेणाऱ्यावर सोडू नये. पण तेवढ्यावर झोपू नये. खबर देणे निराळे आणि नाव उतरणे निराळे. नाव उतरेपर्यंत किमतीतला काही भाग घेणाऱ्याने मागे ठेवावा अशी त्याची सोय होते. आम्ही म्हणतो, विकणाऱ्यानेही नाव उतरेपर्यंत घेणाऱ्याचा पाठपुरावा सोडू नये.

पाचवी गोष्ट विम्याची. कायद्याच्या १५७ व्या कलमाने तिऱ्हाइताचा विमा गाडीबरोबर घेणाऱ्याकडे जातो, आणि घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र असा आपोआप जात नाही. म्हणून विमा संपत आलेली गाडी विकताना नवा विमा उतरवूनच ताबा द्यावा. चार पैसे जातील, पण आमच्या सभासदाचे घर ज्या भोकातून बुडाले ते भोक बुजेल. सहावी, टोलनाक्याचा फास्टॅग आपल्या खात्याला जोडलेला असतो, तो बंद करावा. नाही तर दुसऱ्याच्या प्रवासाचा टोल आपण भरत बसू.

काळ काही बाबतीत सुधारला आहे. आता बराचसा अर्ज संगणकावर भरता येतो. केंद्राच्या ‘वाहन’ या नोंदवहीत गाडीचा क्रमांक घालून मालकाचे नाव पाहता येते. नाव पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरे झाकलेली असतात, तरी ते आपले नाही एवढे कळते आणि तेवढे पुरते. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठीही डिसेंबर २०२२ मध्ये नवे नियम झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवताना कचेरीला तशी खबर द्यायची आणि तेथून पुढे गाडीची जबाबदारी त्या व्यापाऱ्याची, अशी व्यवस्था त्यांत आहे. टंचाईच्या काळात मधल्या हातांना नाव नको असे, त्या मधल्या हाताला कायद्याने प्रथमच नाव दिले. व्यापारी अधिकृत आहे की नाही हे पाहणे मात्र आपलेच काम.

पॅरिसच्या त्या पाटीपासून आजच्या संगणकापर्यंत सुमारे १३० वर्षांचा हा इतिहास. त्यातून आम्हांला एकच बोध मिळाला. माल हातातून सोडणे सोपे, नाव सोडवणे कठीण. बैलाचा कासरा हातातून गेला की आपले बापजादे निर्धास्त घरी येत. आमच्या पिढीला तेवढा निर्धास्तपणा नाही, कारण आमच्या वाहनाला शिंगांऐवजी नंबर आहे.

त्या सभासदाच्या मुलाने पुढे जुना टेम्पो घेऊन धंदा सुरू केला. गेल्या वर्षी तो विकायला काढला तेव्हा घेणारा म्हणाला, ‘सह्या करून ठेवा, फॉर्म मी भरतो.’ मुलगा काही बोलला नाही. त्याने खिशातून पेन काढले आणि घेणाऱ्याचे नाव स्वतःच्या अक्षरात लिहायला घेतले. आम्ही साक्षीदार म्हणून सही केली, पण या वेळी सगळे रकाने वाचून केली.